‘सौम्य’ चांदीची गोष्ट: सिल्व्हर नायट्रेटपासून कडुनिंबाच्या काढ्यापर्यंत



कडुनिंब, तुळस, कोरफड, हळद अशा वनस्पतींच्या अर्कातून चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करायचे आणि ते जखमेवरच्या मलमात, पट्टीत, दातांच्या औषधात, कधी थेट पोटात घ्यायच्या औषधात वापरायचे, अशा संशोधनाच्या बातम्या आपण अलीकडे सतत वाचतो. बातमीत एक वाक्य हमखास असतं: हे कण वनस्पतीजन्य आहेत, म्हणून सुरक्षित आहेत. आम्ही रसायनशास्त्रज्ञ नव्हे. पण वाक्यातला ‘म्हणून’ तपासणं हा आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा धंदाच आहे. आणि हा ‘म्हणून’ तपासायला इतिहासासारखी प्रयोगशाळा नाही, कारण चांदीच्या बाबतीत हे वाक्य एकदा बोलून झालेलं आहे. तेव्हा वनस्पतीच्या जागी प्रथिन होतं, इतकंच.

आपल्याकडे चांदी हा परका पदार्थ नाही. बाळाला चांदीच्या वाटी-चमच्यातून भरवतात, मिठाईवर वर्ख असतो, वैद्यांकडे रौप्यभस्म असतं. पण आजची गोष्ट युरोप-अमेरिकेतली आहे, कारण आधुनिक औषध म्हणून चांदीचा सगळ्यात मोठा जमाखर्च तिथेच मांडला गेला.

सुरुवात यशानं होते. एकोणिसाव्या शतकात प्रसूतीच्या वेळी आईच्या गुप्तरोगाचा संसर्ग बाळाच्या डोळ्यांना होई आणि कितीतरी मुलं आंधळी होत. जर्मनीत लाइपझिगच्या कार्ल क्रेडे या प्रसूतितज्ज्ञानं 1880 च्या सुमारास नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा थेंब टाकायला सुरुवात केली. शंभरातल्या दहाएक बाळांना होणारा तो डोळ्यांचा रोग एखाद-दुसऱ्यावर आला. पुढे अनेक ठिकाणी हा थेंब कायद्यानं सक्तीचा झाला. चांदी जंतू मारते, हे काही भोंदूपण नव्हे. हे आधी मान्य करून पुढे जाऊ या.

पण सिल्व्हर नायट्रेट झोंबतं. कातडी जाळतं, डोळे लाल करतं. तेच औषध अपस्मारावर महिनोन्महिने पोटात दिलं जाई, तेव्हा काही रुग्णांची त्वचा हळूहळू निळसर-राखाडी पडे आणि आयुष्यभर तशीच राही. या विकाराला ‘अर्जिरिया’ म्हणतात. म्हणजे दोन तक्रारी होत्या: एक झोंबण्याची, दुसरी साचण्याची. पुढचा सगळा इतिहास पहिली तक्रार दूर करण्याचा आहे. दुसरी मागेच राहिली.

1889 साली अमेरिकेत केरी ली यांनी सायट्रेट वापरून चांदीचे इतके बारीक कण बनवले की ते पाण्यात तरंगत राहत. आजच्या मापात ते नॅनोकणच होत. (नॅनो म्हणजे एक ते शंभर नॅनोमीटर. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो.) तेव्हा हा शब्द नव्हता, ‘कोलॉइडल सिल्व्हर’ म्हणत. 1897 मध्ये ड्रेस्डेनचे शल्यचिकित्सक बेनो क्रेडे यांनी अशी चांदी ‘कोलार्गोल’ नावानं औषधात आणली. हे बेनो म्हणजे त्या डोळ्यांच्या थेंबवाल्या क्रेड्यांचे चिरंजीव. बापानं झोंबणारी चांदी दिली, मुलानं न झोंबणारी! त्याच वर्षी बायर कंपनीनं प्रथिनाला जोडलेली चांदी ‘प्रोटार्गोल’ नावानं विकायला काढली.

आणि मग 1902 मध्ये फिलाडेल्फियात ‘आर्जिरॉल’ आलं. अल्बर्ट बार्न्स हा खाटकाचा मुलगा, शिकून डॉक्टर झालेला. जोडीला हर्मान हिले हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. प्रथिनात गुंडाळलेली चांदी, डोळ्यांत घातली तरी आग नाही. त्यांनी पेटंट घेतलं नाही, कृती गुप्त ठेवली. बार्न्सनं काही वर्षांत भागीदाराला बाजूला केलं, अफाट पैसा मिळवला आणि 1929 मध्ये, बाजार कोसळायच्या काही महिने आधी, कंपनी विकून टाकली. त्या पैशातून त्यानं चित्रं घेतली होती: रेन्वाची 181, सेझानची 69, मातीसची 59. ती आजही बार्न्स फाउंडेशनमध्ये आहेत. थोडं विषयांतर होतंय, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. या संस्थेचा शैक्षणिक सल्लागार होता जॉन ड्यूई, कोलंबिया विद्यापीठातले बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू. ड्यूईंनी ‘आर्ट ॲज एक्स्पीरियन्स’ हा ग्रंथ याच बार्न्सला अर्पण केला. एखादी गोष्ट कुठून आली यापेक्षा तिचे परिणाम काय होतात ते पाहा, असं आयुष्यभर सांगणाऱ्या तत्त्वज्ञाच्या कलाविचारामागे आर्जिरॉलचा पैसा होता. इतिहास कधीकधी फारच नेमका चिमटा काढतो.

आता मूळ मुद्दा. अमेरिकेच्या औषधसंहितेत प्रथिनयुक्त चांदीचे दोन प्रकार नोंदले गेले, ‘तीव्र’ आणि ‘सौम्य’. प्रोटार्गोल तीव्र, आर्जिरॉल सौम्य. कुणीही म्हणेल, तीव्र औषधात चांदी जास्त असणार. उलट होतं. तीव्र प्रकारात चांदी सुमारे आठ टक्के, आणि सौम्य प्रकारात 19 ते 23 टक्के! ‘सौम्य’ हे विशेषण चांदीच्या प्रमाणाचं नव्हतंच. तिच्यातून चांदीचे आयन हळू सुटत, म्हणून ती झोंबत नसे, एवढाच त्याचा अर्थ. पण घेणाऱ्यानं काय ऐकलं? सौम्य म्हणजे निर्धोक.

झोंबणारं औषध माणूस चार दिवसांत थांबवतो. न झोंबणारं रोज घेतो. सर्दी झाली, नाकात आर्जिरॉलचे थेंब. घसा बसला, आर्जिरॉल. साधा हिशेब करू. दहा टक्के आर्जिरॉलच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे वीस मिलिग्रॅम चांदी. रोज तेवढं घेतलं तर पाचशे दिवसांत दहा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्याच्या संदर्भात, आयुष्यभरात पोटात गेली तरी चालेल अशी जी चांदी मानली आहे ती दहा ग्रॅमच. आयुष्यभराचा कोटा दीड वर्षात! नाकातलं सगळंच पोटात जात नाही हे खरं, पण निळी पडलेली माणसं कुठून आली ते यावरून कळतं. 1939 मध्ये हिल आणि पिल्सबरी या दोघांनी अर्जिरियावर अख्खा ग्रंथ लिहिला, त्यात अशा शेकडो रुग्णांची नोंद आहे. जी माणसं निळी पडली, त्यांतल्या अनेकांना औषधाचा त्रास म्हणून कधी जाणवलाच नव्हता. ते ‘सौम्य’ होतं, म्हणूनच त्यांनी ते इतकं घेतलं.

मग प्रतिजैविकं आली, चांदी मागे पडली. 1960 च्या दशकात भाजलेल्या जखमांसाठी ती परतली. 1968 मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझीन आणलं. भाजल्यावर लावायचं ते पांढरं मलम आपल्यापैकी अनेकांच्या घरात असेल. पण 1975 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या जळीत विभागात सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारे साल्मोनेला जंतू सापडले. तीन रुग्ण दगावले, विभाग बंद करावा लागला. या प्रतिकाराची जनुकं 1999 मध्ये उलगडून दाखवणाऱ्या शास्त्रज्ञांत सायमन सिल्व्हर होते. आडनावच सिल्व्हर! त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जाहीर केलं, की चिठ्ठीशिवाय विकलं जाणारं कोलॉइडल सिल्व्हर कोणत्याच रोगावर सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाही.

या टप्प्यावर वनस्पती येतात, आणि इथे आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. 2003 मध्ये अमेरिकेत टेक्ससच्या गार्देया-टोरेस्दे यांच्या गटानं लसूणघासाच्या रोपांत चांदीचे नॅनोकण तयार होताना दाखवले. त्याच सुमारास पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी जिरेनियमच्या पानांच्या, आणि 2004 च्या निबंधात कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यात हे कण बनवले. कृती सोपी आहे. पानं पाण्यात उकळायची, गाळायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण घालायचं. पानांतले पॉलिफेनॉल, टर्पिनॉइड, साखरी हे चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, कण जुळतात, द्रावण तपकिरी होतं. हीच वनस्पतिद्रव्यं कणांभोवती लेपासारखी बसतात. संशोधन उत्तमच होतं. त्यानंतर जगभर अक्षरशः हाताला लागेल त्या पानाचा काढा झाला.

याला ‘हरित’ पद्धत म्हणतात. हा शब्द नीट पाहा. 1998 मध्ये अनास्टस आणि वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली, ती मुख्यतः पदार्थ बनवण्याविषयी होती. नॅनोकण बनवताना अनेकदा हायड्रॅझिनसारखी घातक रसायनं वापरली जातात. त्याऐवजी पानांचा काढा वापरला तर कारखान्यातला कामगार सुरक्षित, नदी सुरक्षित. हे खरं आणि मोलाचं आहे. पण हे हिरवेपण भांड्याबाहेरचं आहे. भांड्यातून जे निघालं ते रुग्णाच्या अंगात काय करील, हा वेगळा प्रश्न. बातमीत हा शब्द कृतीवरून उडी मारून पदार्थावर जाऊन बसतो. शंभर वर्षांपूर्वी ‘सौम्य’ या शब्दानं नेमकी हीच उडी मारली होती.

पदार्थ काय करतो ते आता बऱ्यापैकी कळलं आहे. 2012 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटानं हे कण प्राणवायूविरहित वातावरणात जंतूंवर टाकले. तिथे कणांचं ऑक्सिडीकरण होत नाही, आयन सुटत नाहीत. हजारो पट मात्रा देऊनही जंतू मेले नाहीत. जंतू मारतात ते सुटणारे आयन. त्याच वर्षी ब्राउन विद्यापीठाच्या गटानं अर्जिरियाचा मार्ग दाखवला: जठरातल्या आम्लात कण विरघळतात, आयन रक्तातल्या प्रथिनांना चिकटून फिरतात, त्वचेजवळ उजेड लागला की पुन्हा धातूचे कण होतात आणि गंधक-सेलेनियमशी जोडून तिथेच बसतात. जुन्या फोटोग्राफीच्या फिल्ममध्ये व्हायचं, जवळजवळ तेच. पोटात घेतलेल्या कणांची वाट अशी आयनांवरून जात असेल, तर वर लेप कडुनिंबाचा होता की अंड्याच्या बलकाचा, याला फारसा अर्थ उरत नाही.

मात्र लेपाला अजिबात अर्थ नाही असंही आम्ही म्हणणार नाही. आयन किती वेगानं सुटतात, कण पेशीत किती शिरतात, हे लेपावर ठरतं. ते बरं ठरेल किंवा वाईट, प्रत्येक काढ्याचं वेगळं. आणि काढा काही एकच रसायन नसतो. चैत्रातली कोवळी पालवी आणि पावसाळ्यातली जून पानं यांचा रस सारखा कसा असेल? टोचायच्या औषधात तर पानांबरोबर आलेल्या जंतूंच्या अवशेषांचाही प्रश्न आहे. निर्जंतुक केल्यावरही त्यांनी ताप येऊ शकतो.

मात्रेचंही पाहू. प्रयोगशाळेत साधारणपणे एक मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट वापरतात, म्हणजे लिटरला 108 मिलिग्रॅम चांदी. तयार द्रावण पातळ न करता चहाचा एक चमचा, पाच मिलिलिटर, घेतला तर अर्ध्या मिलिग्रॅमहून अधिक चांदी पोटात जाईल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं रोजच्या सेवनासाठी धरलेली मात्रा साठ किलोच्या माणसाला 0.3 मिलिग्रॅम आहे. एका चमच्यानं कुणी निळं पडणार नाही. प्रश्न रोजच्या चमच्याचा आहे.

माणसांवरचा पुरावा थोडा आहे, आणि तो दोन्ही बाजूंचा आहे. 2014 मध्ये युटा विद्यापीठाच्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांनी बाजारातलं नॅनोचांदीचं द्रावण चौदा दिवस घेतलं. महत्त्वाचा अपाय दिसला नाही. पण ते चौदा दिवसच होते, माणसं धडधाकट होती. उलट 2006 मध्ये ऑस्ट्रियातल्या एका भाजलेल्या तरुणाचा अनुभव प्रसिद्ध झाला: नॅनोचांदीच्या पट्ट्यांनी त्याची त्वचा राखाडी झाली, यकृताची विकरं वाढली, पट्ट्या काढल्यावर तो सावरला. धड त्वचा चांदीला बऱ्यापैकी अडवते, भाजलेली अडवत नाही. उपयोगाचं म्हणाल, तर 2010 च्या कॉक्रेन आढाव्यात 26 चाचण्या तपासून निष्कर्ष निघाला की चांदीच्या मलम-पट्ट्यांनी जखमेतला संसर्ग टळतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

तेव्हा आमचं मत सांगायचं तर असं: ठरावीक दिवस, मोजलेल्या चांदीसह, जखमेवर बाहेरून वापरायच्या वनस्पतीजन्य कणांचा अभ्यास जरूर व्हावा. त्यात नुसता काढा, नुसते आयन आणि तयार कण अशा तिन्हींची वेगवेगळी चाचणी हवी. नाहीतर गुण कुणाचा आणि अपाय कुणाचा हे कळणारच नाही. आपल्या देशात 2019 मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग आणि औषध नियंत्रण यंत्रणेनं नॅनोऔषधांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही प्रत्येक औषध स्वतंत्रपणे तपासावं अशीच भूमिका आहे. पोटात घ्यायच्या नॅनोचांदीला मात्र, तिच्या बाटलीवर कोणत्याही पानाचं चित्र असो, आज आम्ही नाही म्हणू.

रौप्यभस्माबद्दल श्रोत्यांकडून चिठ्ठी आली आहे. भस्म हे पुटं देऊन बनतं, त्यात चांदी बरीचशी सल्फाइडच्या रूपात असते. म्हणजे पदार्थच निराळा. त्याचे निष्कर्ष नॅनोकणांना लावू नयेत आणि यांचे त्याला. त्याच्याकडे पुढच्या व्याख्यानात, पाऱ्याबरोबर, सविस्तर येऊ. आता उरलेली दहा मिनिटं तुमच्या प्रश्नांना.