शेअर्ड ब्रांचवर पुश: कुलपापासून ‘फोर्स’पर्यंत

संशोधनात नव्याने आलेल्यांना गिटचा पहिला धक्का बसतो तो पुश नाकारला गेल्यावर. टर्मिनल ‘नॉन-फास्ट-फॉरवर्ड’ असं काहीतरी म्हणतं, आणि शोधाशोध केली की झटपट उपाय सापडतो: फोर्स पुश. तो वापरण्याआधी ही अट आली कुठून ते बघूया.

एकाच मजकुरावर अनेक हात, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. नकला होता होता ज्ञानेश्वरीचे पाठ बिघडले, तेव्हा पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी बजावलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. आजच्या भाषेत ‘प्रोटेक्टेड ब्रांच’च की! पण कुणी, कधी, काय घातलं याची नोंद नकलाकार ठेवत नसत.

कोडसाठी अशी नोंद ठेवणारी एससीसीएस ही प्रणाली १९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी लिहिली. पुढे १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांची आरसीएस आली. दोन्हींत कुलूप असायचं: एकाने फाइल बदलायला घेतली की बाकीच्यांनी थांबायचं. घेणारा गावाला गेला तर बसा वाट बघत.

कुलूप काढायची गरज पडली ती एका गाइडला आणि त्याच्या दोन विद्यार्थ्यांना, हे मला फार आवडतं. ॲमस्टरडॅमचे डिक ग्रून विद्यार्थ्यांसोबत कंपायलर लिहीत होते. तिघांच्या कामाच्या वेळा जुळेनात. त्यातून १९८६ मध्ये सीव्हीएस जन्मली. सगळ्यांनी एकाच वेळी बदला, पण आपलं जमा करण्याआधी दुसऱ्यांचं घेऊन जुळवा. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्ससाठी गिट लिहिलं, त्यातही हाच शिष्टाचार आहे: सर्व्हरवरचा शेवटचा कमिट तुमच्या इतिहासात नसेल, तर पुश नाकारला जातो.

आपल्या बुलढाण्याचंच उदाहरण घ्या. समजा, उपग्रहचित्रांवरून लोणार सरोवराचं क्षेत्रफळ काढणारी स्क्रिप्ट दोघी मिळून लिहितात. एकीने ढगांच्या सावल्या वगळायचा बदल पुश केला. दुसरीने तो न घेताच पाणी ओळखायची मर्यादा बदलली आणि फोर्स केला. पहिलीचा बदल ब्रांचवरून गायब. स्क्रिप्ट मात्र चालतेच, आकडेही देते. प्रबंधातल्या तक्त्याशी ते का जुळत नाहीत, हे व्हायव्हाच्या आदल्या रात्री कळतं.

मोठ्यांकडूनही हे घडलंय. नोव्हेंबर २०१३ मध्ये जेनकिन्स प्रकल्पाच्या दीडशेहून जास्त रिपॉझिटरींवर चुकून जुन्या प्रती फोर्स झाल्या. तरी त्या परत मिळवता आल्या, कारण फोर्सने कमिट लगेच पुसला जात नाही, फक्त ब्रांचचं बोट त्याच्यावरून हटतं. योगायोग असा की त्याच महिन्यात आलेल्या गिट १.८.५ मध्ये ‘फोर्स-विथ-लीज’ होतं: तुम्ही शेवटचं पाहिल्यानंतर ब्रांच हलली असेल तर हा फोर्सही अडतो. फक्त त्याआधी नुसतं ‘फेच’ करू नका. फेच केलं की नवं सगळं तुम्ही पाहिलंय असं गिट धरून चालतं आणि फोर्स होऊ देतं.

आणि घात झालाच तर आधी सहकाऱ्याला फोन करा, ‘पुल करू नकोस’ म्हणून. तिच्या लॅपटॉपवर जुनी ब्रांच जशीच्या तशी असते.