जादा भाडे, अडवलेला परतावा : तक्रार नेमकी कुठे करायची?

अशोक विजयादशमी जवळ आली की नागपूरकडे जाणाऱ्या खासगी बसचे भाडे वाढते. ६ डिसेंबरला दादरमध्ये आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला हेच चित्र असते. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशा यात्रेसाठी वर्षभर पैसे साठवून आगाऊ भरणारी कुटुंबेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. यात्रा रद्द झाली की त्यांना महिनोन्महिने "पुढच्या आठवड्यात देतो" एवढेच ऐकावे लागते. लोक संतापतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितात आणि गप्प बसतात. तक्रार फारच थोडे करतात, आणि केली तरी बऱ्याचदा चुकीच्या ठिकाणी.

म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. महाग विकणे हा प्रत्येक वेळी कायद्याने गुन्हा नसतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार किमतीबद्दल तक्रार करता येते ती मुख्यतः चार प्रसंगी : कायद्याने ठरवून दिलेल्या दरापेक्षा, वस्तूवर किंवा पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा, दुकानदाराने लावलेल्या दरपत्रकापेक्षा, किंवा दोघांत ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे घेतले तर. लॉजवाल्याने गर्दीच्या दिवसांत खोलीचा दर आधीच दुप्पट सांगितला आणि आपण तो मान्य केला, तर ही तक्रार सहसा टिकत नाही. पण १२०० रुपयांत बुकिंग घेऊन ऐनवेळी दारात २५०० मागितले, तर ती सरळसरळ तक्रार आहे. म्हणूनच दर फोनवर ठरला तरी तो लगेच मेसेजवर लिहून मागवा. त्या एका ओळीवर पुढचे सगळे प्रकरण उभे राहते.

बस, रिक्षा, पाण्याची बाटली

खासगी बसच्या भाड्याला महाराष्ट्रात मर्यादा आहे, हे अनेकांना ठाऊकच नसते. २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानुसार खासगी कंत्राटी बसचे कमाल भाडे एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या भाड्यापेक्षा ५० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. समजा त्या मार्गावर एसटीचे तशाच गाडीचे तिकीट ६०० रुपये आहे, तर खासगीवाल्याला ९०० पर्यंत घेता येतात. त्याने १८०० घेतले असतील तर तिकीट, गाडीचा क्रमांक, तारीख आणि एसटीचे त्या दिवशीचे भाडे जोडून प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी. रिक्षावाल्याने मीटर न टाकता मनमानी पैसे घेतले, तर त्याचीही तक्रार आरटीओ किंवा वाहतूक पोलिसांकडेच जाते. "खासगी गाडी आहे, परवडत नसेल तर बसू नका" हे उत्तर ऐकून परत फिरू नये.

२० रुपये छापलेली पाण्याची बाटली ३० ला विकली आणि वर "कूलिंग चार्ज" सांगितला, तर तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे करायची. दुकानदाराला एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, थंड करून दिली तरीही नाही. हॉटेलात टेबलावर बसून घेतलेल्या बाटलीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे सेवाही मिळत असल्याने जास्त आकारता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. रेल्वे स्थानकावरच्या किंवा गाडीतल्या विक्रेत्याने जादा घेतले तर १३९ वर कळवावे.

परतावा अडला तर

खरी मोठी रक्कम अडकते ती इथे. बिलावर परताव्याची मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि मुदतच लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तूचे किंवा उणीव असलेल्या सेवेचे पैसे परत न करणे ही कायद्याने अनुचित व्यापार प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा तशीच प्रथा. ऑनलाइन कंपनीकडून घेतले असेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण करायला हवे.

पहिले पाऊल म्हणजे विक्रेत्याला लेखी मागणी : किती पैसे, कधी आणि कसे भरले, सेवा का मिळाली नाही, परतावा कोणत्या तारखेपर्यंत हवा. वकिलाची नोटीस सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीतही बोलता येते. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि हेल्पलाइन ती कंपनीकडे पाठवते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत याचा चांगला उपयोग होतो. गल्लीतल्या टूरवाल्यावर फार परिणाम होईल अशी आशा ठेवू नये, कारण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. शिवाय तिथे तक्रार प्रलंबित आहे म्हणून आयोगात जाण्याची मुदत थांबत नाही. ती मुदत वाद उद्भवल्यापासून २ वर्षे आहे.

आदेश देऊ शकतो तो जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे तिथे चालतात आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. टूरवाल्याचे कार्यालय मुंबईत आणि आपण लातूरला राहत असाल, तरी लातूरलाच तक्रार दाखल करता येते. ही २०१९ च्या कायद्याने दिलेली सोय गरीब माणसासाठी फार मोलाची आहे. वकील लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. एकाच यात्रेत ४० जण फसले असतील तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एक तक्रार करता येते. अशा वेळी एकाने पुढे व्हावे आणि बाकीच्यांनी आपल्या पावत्या त्याच्याकडे द्याव्यात.

टूरवाला कार्यालय बंद करून पसार झाला असेल तर आयोगाची वाट पाहत बसू नका. तो फसवणुकीचा मामला आहे, पोलिसांत गुन्हा नोंदवा. बनावट संकेतस्थळावर पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० वर फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत निघून जाते.

"दान" लिहिलेली पावती

आता थोडे आपल्याच माणसांविषयी. धम्मयात्रा काढणारे सगळेच व्यापारी नसतात. मंडळ, विहार समिती, ओळखीचे कार्यकर्ते पैसे गोळा करतात आणि पावतीवर "धम्मदान" किंवा "सहयोग राशी" लिहून देतात. यात्रा रद्द झाली की "दान परत मागतात का?" असे विचारून उपासकाला लाजवले जाते. दान आणि प्रवासाचे शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दानाला मोबदला नसतो, आणि मोबदला दिला नसेल तर कायद्यात आपण ग्राहक ठरत नाही. शब्द काहीही असला तरी पैसे प्रवास आणि निवासासाठी घेतले हे दाखवता आले तर बाजू मांडता येते. त्यासाठी यात्रेचे पत्रक, प्रतिव्यक्ती दर आणि तारखा असलेला मेसेज उपयोगी पडतो. पण मुळातच पावतीवर "यात्रा शुल्क" असे लिहून मागावे, आणि रद्द झाल्यास किती रक्कम कधी परत मिळेल हेही त्याच कागदावर घ्यावे. प्रामाणिक आयोजकाला त्यात अडचण वाटायचे कारण नाही. भगवान बुद्धांनी दीघजाणूला गृहस्थाच्या हिताच्या गोष्टी सांगताना कष्टाने, धर्माने मिळवलेल्या धनाचे रक्षण करणे, म्हणजे आरक्खसंपदा, हीही सांगितली आहे. पावती मागणे म्हणजे अविश्वास नव्हे.

आयोगाचा निकाल आपल्या बाजूने लागला तर समोरच्याला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, मात्र त्यासाठी आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत असे झाले, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज द्यावा. आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षे कैद, किमान २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.