पिकांचे स्फुरदशोषण (पालघर जिल्हा)

जमिनीतील फॉस्फरस, म्हणजे शेतकऱ्याच्या बोलीतला स्फुरद, पिकाच्या मुळांनी आत घेण्याची क्रिया. नत्र, स्फुरद, पालाश ही तीन नावे एका दमात घेतली जातात, पण त्यांची चाल एकसारखी नाही. नत्र पाण्याबरोबर वाहून जाते, पालाश थोडेफार सरकते, स्फुरद मात्र टाकला तिथेच बसतो. मातीच्या ओलाव्यातून त्याचा कण दिवसाला मिलिमीटरभरही सरकत नाही. त्यामुळे मुळाभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा लवकरच रिकामा होतो आणि पुढचा घास मिळवायचा तर पिकालाच हातपाय पसरावे लागतात. हे पसरणे प्रत्येक पिकाचे निराळे असते.

पीक फॉस्फेटच्या रूपातच स्फुरद घेते. मातीच्या ओलाव्यात तो इतका विरळ असतो की मुळाच्या पेशीतले त्याचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा सुमारे हजारपट भरते. एवढ्या चढावर तो ओढून घ्यायला पेशीला ऊर्जा खर्चावी लागते. खताच्या गोणीवरचा स्फुरदाचा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा असतो आणि त्यात प्रत्यक्ष फॉस्फरस ४४ टक्केच असतो. कोकणातील सुधारित भातासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. त्या ५० किलोत खरा फॉस्फरस सुमारे २२ किलो. त्यातलाही थोडाच भाग पहिल्या हंगामात पिकाच्या पोटात जातो, बाकीचा माती धरून ठेवते.

पालघर जिल्ह्यात (स्थापना १ ऑगस्ट २०१४) ही धरून ठेवण्याची तऱ्हा जागोजागी बदलते. जव्हार-मोखाड्याच्या उतारावरील तांबूस, उथळ वरकस जमिनीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला जखडतात. चुनखडीच्या भारी जमिनीत तेच काम कॅल्शियम करतो. किनाऱ्यालगतच्या खाजणात त्यात क्षाराची भर पडते. बोईसर-तारापूर म्हटले की कारखाने आणि अणुवीज केंद्र डोळ्यांपुढे येते, पण पूर्वेला सूर्या नदीच्या खोऱ्याकडे वळले की भातखाचरे लागतात. या विषयाचा सर्वांत रंजक भाग त्या खाचरांच्या चिखलात आहे.

चिखलणी करून पाणी साचवले की मातीतला प्राणवायू काही दिवसांत संपतो. सूक्ष्मजीव मग लोहाच्या संयुगांवर श्वास भागवतात, तांबडे लोह विरघळणाऱ्या रूपात येते आणि त्याने धरलेला स्फुरद सुटतो. आम्ल मातीचा सामूही उदासीनतेकडे सरकतो. परिणामी ज्या मातीत कोरडवाहू पीक स्फुरदासाठी तडफडेल, त्याच मातीत आवणीनंतरचे भात बऱ्यापैकी तग धरते. स्फुरद कमी पडलाच तर भात पिवळे पडत नाही, उलट गर्द हिरवे दिसते. रोप खुजे राहते आणि फुटवे कमी येतात. हिरवेपणावर भुलून युरियाची गोणी तेवढी आणणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

रोपवाटिकेतल्या राबाचा संबंधही इथेच येतो. शेण, टहाळ, पालापाचोळा आणि गवताचे थर जमिनीवर रचून भाजायचे, ही ठाणे-पालघरची जुनी पद्धत. हॅरल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ साली तिच्यावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. राखेतून स्फुरद व पालाश मिळते, तापलेल्या मातीतल्या सेंद्रिय द्रव्यातूनही काही स्फुरद मोकळा होतो आणि तणाचे बी मरते. कोवळ्या रोपाला स्फुरद सर्वांत आधी लागतो, तेव्हा ही युक्ती अडाणीपणाची म्हणता येत नाही. मात्र तिच्यासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात आणि खत होऊ शकणारे शेण जळते. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत राबाऐवजी भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळतात. त्याच पद्धतीत युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. जागचा न हलणारा स्फुरद मुळांच्या वाटेवरच नेऊन ठेवायचा, हे त्यातले मर्म आहे.

भातांतही जातीजातींत फरक असतो. भारतीय उपखंडाच्या पूर्व भागातील ‘औस’ गटाच्या कसालथ या जातीत कोवळ्या मुळांची वाढ जोमाने करणारे जनुक २०१२ साली निश्चितपणे ओळखले गेले. बागायती सुधारित भातांपैकी अनेकांत ते आढळत नाही.

तुरीचा मार्ग वेगळा आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत काम करणाऱ्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिले की तुरीचे मूळ पिसिडिक आम्ल स्रवते. हे आम्ल लोहाला पकडते आणि लोहाने बांधलेला स्फुरद मोकळा करते; अशा तांबड्या मातीत तुरीने इतर पिकांवर मात केली. पालघरमध्ये तूर बहुधा भाताच्या बांधावर लावतात. जागा वाया जाऊ नये एवढाच त्यामागचा हेतू असला, तरी बांधाच्या कोरड्या मातीला ते पीक शोभून दिसते.

हरभऱ्याची मुळे मॅलोनिक, सायट्रिक, मॅलिक ही आम्ले सोडतात आणि कॅल्शियमने धरलेला स्फुरद विरघळवतात, म्हणून हे पीक काळ्या जमिनीत खुलते. पहाटे फडक्याने टिपतात ती हरभऱ्याची आंब मात्र पानांवरच्या लवेतून येते. मुळांचा हा कारभार निराळा.

नाचणी आणि वरीचे दाणे बारीक, त्यांच्यात साठवलेली स्फुरदाची शिदोरी तुटपुंजी. त्यामुळे रोपाला फार लवकर मातीकडे हात पसरावा लागतो. बारीक तंतुमुळांचे जाळे आणि मुळात शिरून राहणारी मायकोरायझा बुरशी यांवर ही पिके वरकस माळावर निभावून नेतात. बुरशीचे धागे रिकाम्या झालेल्या पट्ट्याच्या पलीकडे काही सेंटिमीटर जातात, स्फुरद आणून देतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. डहाणू-घोलवडचा चिकू आणि वसईची केळी याच भागीदारीवर चालतात. केळवे-माहीमच्या नारळाला तर मुळांवर केसच नसतात, तेव्हा त्याची भिस्त बुरशीवर अधिक. कोबी, मुळा, पालक ही भाजीपिके या बुरशीला जवळ करत नाहीत. त्यांना लांब मूळकेस आणि भरपूर खत, या दोहोंवर भागवावे लागते.

भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा पेरतात, तेव्हा चिखलाचे गणित उलटते. खाचर वाळते, मातीत पुन्हा हवा शिरते, लोह तांबडे होते आणि सुटलेला स्फुरद पूर्वीपेक्षाही घट्ट धरून बसते. नेमका त्याच वेळी वालाच्या मुळावरच्या गाठींना स्फुरद हवा असतो, कारण हवेतले नत्र बांधायला ऊर्जा लागते आणि पेशीतला ऊर्जेचा व्यवहार स्फुरदावर चालतो. भात-कडधान्य या फेरपालटात स्फुरदाचा हात भातापेक्षा कडधान्यावर सैल सोडावा, हे यावरून उघड आहे. प्रत्यक्षात बहुतेक गोण्या भातातच रिकाम्या होतात आणि वालाच्या वाट्याला निव्वळ ओल येते.

उपलब्ध स्फुरद मोजायला आम्ल जमिनीसाठी ब्रे-कुर्ट्झ (१९४५) आणि उदासीन व चुनखडीयुक्त जमिनीसाठी ओल्सन (१९५४) या पद्धती वापरतात. दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, म्हणून अहवालावर पद्धतीचे नाव पाहून घ्यावे. शिवाय मातीचा नमुना सावलीत वाळवून तपासतात. त्यामुळे अहवालातला आकडा वालाच्या हंगामातल्या कोरड्या मातीला जवळचा असतो. चिखलात उभ्या असलेल्या भाताला मिळणारा स्फुरद बहुधा त्याहून जास्त असतो.