बाणकोटची खाडी, बॅरिस्टरांचा रस्ता आणि आमचा ठराव

आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेला एरवी नऊ-दहा माणसं येतात. यंदा सत्तावीस आली. चहा कमी पडला, शाळेतून बाकं आणावी लागली. कारण विषयपत्रिकेवर शेवटचा विषय होता: ‘बाणकोट खाडीवरील नियोजित पुलाबाबत संस्थेची भूमिका ठरवणे.’

मी या संस्थेचा बारा वर्षं सचिव आहे. सचिव म्हणजे इतिवृत्त लिहिणारा, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेपा घालणारा आणि सभा संपल्यावर बाकं परत नेऊन ठेवणारा. पगार कुणालाच नाही. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाचा श्रीवर्धन ते हर्णे हा तुकडा जपायचा आणि लोकांना दाखवायचा, एवढंच आमचं काम. ‘जपणे’ आणि ‘दाखवणे’ ही दोन क्रियापदं आमच्या घटनेत एकाच वाक्यात आहेत. ती एकमेकांशी भांडतात हे कळायला आम्हाला काही वर्षं लागली.

सभेसाठी टिपण लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, दोन पानांत होईल. पण या खाडीचा इतिहास दोन पानांत बसत नाही.

सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे उत्तरेला बागमांडला आणि दक्षिणेला वेश्वी-बाणकोट. आज उत्तरेचा काठ रायगड जिल्ह्यात आणि दक्षिणेचा रत्नागिरीत. १९४८ पर्यंत मात्र ही दोन राज्यांची हद्द होती. उत्तरेला जंजिऱ्याच्या नवाबाचं संस्थान, दक्षिणेला इंग्रजांचा मुलूख. बाणकोटचा किल्ला इंग्रजांना १७५६ च्या तहाने पेशव्यांकडून मिळाला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव दिलं. म्हणजे आमचे पणजोबा बहिणीला भेटायला तरीत बसायचे तेव्हा एका सरकारातून दुसऱ्या सरकारात जायचे. (‘तर’ म्हणजे खाडी ओलांडणारी होडी. हा शब्द आता आमच्या मुलांनाही समजावून सांगावा लागतो.)

याच खाडीतून गेलेला सर्वांत मोठा उतारू म्हणजे बाळाजी विश्वनाथ भट. श्रीवर्धनची देशमुखी त्यांच्या घराण्याकडे होती. सिद्दीशी बिनसलं तेव्हा ते खाडी ओलांडून वेळासला भानूंच्या घरी आले आणि भानूंसह घाटावर गेले, असं बखरींपासून सांगितलं जातं. पुढे बाळाजी पहिले नामवंत पेशवे झाले आणि त्याच भानूंच्या घराण्यात नाना फडणवीस जन्मले. सिद्दीच्या मुलुखातून निघालेलं एक कुटुंब, पलीकडच्या काठावर त्याला आसरा देणारं दुसरं. पेशवाईच्या गोष्टीतलं पहिलं पाऊल आमच्या तरीत पडलं, असं मी गमतीने म्हणतो. गुरुजींना, म्हणजे आमच्या खजिनदारांना, ही गंमत आवडत नाही. ते म्हणतात, त्यांनी नेमकी हीच तर घेतली याचा कागद दाखवा. कागद नाही.

कोकणचा खरा हमरस्ता शेकडो वर्षं समुद्रच होता. माणसं बंदराहून बंदराला जायची. जमिनीवरून गेलं की दर काही कोसांवर खाडी आडवी. याच महामार्गावर, पण आमच्या तुकड्याच्या उत्तरेला, चौल आहे. तिथे हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या सुमारास, अल-मसूदी हा अरब प्रवासी आला. त्याने या बंदराला ‘सैमूर’ म्हटलं आहे. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे आणि काही इथेच जन्मलेले, असं तो लिहितो. राजा राष्ट्रकूट होता आणि मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. आमच्या दक्षिणेला दाभोळ. हजला जाणाऱ्यांचं हे बंदर, १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी जाळलं. वाफेच्या बोटी आल्या तेव्हाही वाट तीच राहिली. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमची दादी त्यानंतर कधी बोटीत बसली नाही. मुंबईला जायचंच झालं तर डोंगरातून दोन दिवस हेलपाटे खात जायची.

किनाऱ्याने सलग रस्ता हवा हा ध्यास घेतला बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांनी. ते आमच्याच खाडीच्या वरच्या अंगाच्या आंबेतचे. १९८० ते ८२ मुख्यमंत्री. कुलाबा जिल्ह्याचं नाव त्यांनी रायगड केलं, सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा त्यांच्याच काळात झाला, आणि रेवस ते रेडी या सुमारे पाचशे किलोमीटरच्या मार्गाचं स्वप्न त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. आमच्या मोहल्ल्यांत त्यांना नुसतं ‘बॅरिस्टर’ म्हणतात. त्यांच्याबद्दल बोलताना आमच्या माणसांचा आवाज थोडा वर चढतो, माझाही. पण इतिहास लिहायचा तर पुढचंही लिहायला हवं. सिमेंट वाटपाच्या बदल्यात न्यासांसाठी देणग्या घेतल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. मी स्वतः एक न्यास चालवतो. देणगीची पावती फाडताना ही गोष्ट आठवते, आणि मी पावतीच्या मागे देणगीदाराचं नाव पुन्हा लिहितो.

रस्ता तुकड्यातुकड्यांनी झाला. लहान खाड्यांवर पूल आले, मोठ्या खाड्या तशाच राहिल्या. २००३ मध्ये दाभोळ-धोपावे दरम्यान गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि पुढे आमच्या खाडीतही आली. तेव्हापासून पुण्या-मुंबईचे लोक मोटार घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने येऊ लागले. आमची संस्था त्यांच्यासाठीच निघाली, खरं तर त्यांच्या धास्तीने. पुळणीवर जीपगाड्या फिरायला लागल्या होत्या, आणि दर्ग्याच्या पायऱ्यांवर सकाळी बाटल्या सापडायच्या.

पहिलं काम माहितीपत्रकाचं. त्यातच पहिलं भांडण. मुंबईहून मदत करणारे एक सभासद म्हणाले, किल्ले आणि मंदिरं घाला, पर्यटक त्यासाठीच येतात. मशिदी-दर्गे कशाला, उगाच वाद. मी गप्प बसलो. अशा वेळी मुसलमान माणूस आधी गप्प बसतो, हे वाचकांपैकी अनेकांना सांगायला नको. बोलले ते गुरुजी. म्हणाले, “हरिहरेश्वराचं देऊळ शतकानुशतकं नवाबाच्या राज्यात उभं होतं. मग ते तरी कसं घालणार?” माहितीपत्रकात सगळं गेलं. पण गंमत पुढेच आहे. आमच्या जमातीतूनच तक्रार आली. समुद्राकाठच्या कब्रस्तानाचा फोटो छापला होता, देखणा होता, आणि एक आपा थेट घरी येऊन मला म्हणाल्या, “माझा शोहर तिथे झोपलाय. तुझ्या पाहुण्यांना तो देखावा म्हणून दाखवू नकोस.” दुसऱ्या आवृत्तीत फोटो काढला. त्या दिवशी मला ‘दाखवणे’ या क्रियापदाची मर्यादा कळली.

केळशीने आणखी एक गोष्ट शिकवली. याकूबबाबांच्या दर्ग्याजवळ वाळूची उंच टेकडी आहे. सगळ्यांना ती वाळूच वाटायची. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला आणि ती १५२४ च्या सुनामीने उभी राहिली असं मांडलं. त्याच वर्षी वास्को द गामाच्या ताफ्याला या किनाऱ्याजवळ समुद्र हादरल्याचा अनुभव आल्याची नोंद आहे. आणि या टेकडीला सर्वांत मोठा धोका कशाचा? आमच्याच सागरी महामार्गाच्या पुलाचा. ज्या रस्त्याच्या प्रेमात आम्ही होतो तोच इतिहासावरून जायला निघाला होता. तेव्हापासून आमच्या सभेत ‘रस्ता वाचवा’ असं कुणी म्हणालं की कुणीतरी विचारतं, कशापासून, आणि रस्त्यापासून कोणाला?

वेळासला उलट पाहायला मिळालं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तिथे समुद्री कासवांची अंडी जपायला सुरुवात केली. गावकऱ्यांनी राखण केली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घरोघरी उतरू लागले. जपण्यातूनच दाखवणं आलं, आणि दाखवण्याचा पैसा जपणाऱ्यांच्या घरात गेला. आम्ही तिथून बरंच उचललं. मुख्य म्हणजे पुण्याहून बनवून आणलेले चकचकीत फलक सोडून गावातल्या सुताराकडून लाकडी फलक करून घेतले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तेही उडाले. पण त्या जूनमध्ये फलकांची आठवण कुणाला होती? श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. संस्थेच्या खात्यातले पैसे कौलांना आणि ताडपत्रीला गेले. हिशेब तपासताना लेखापालांनी विचारलं, हे उद्दिष्टात बसतं का? मी म्हणालो, रस्त्याकडेची घरं राहिली नाहीत तर रस्ता कोणाला दाखवायचा? त्यांनी शेरा मारला, पण मंजूर केलं.

आता मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलं आहे. सभेत बहुतेकांचा सूर विरोधाचा होता. फेरीबोटीतली ती दहा-पंधरा मिनिटं हाच या मार्गाचा जीव आहे, पूल झाला की माणसं थांबणार नाहीत, धाब्यावर जेवून गोव्याला पळतील, असं एक तरुण पोटतिडकीने बोलला. त्याचं खोटं नव्हतं. आमच्या माहितीपत्रकात तरीचं वर्णन मीच लिहिलं आहे, जरा जास्तच रंगवून.

मग मी उभा राहिलो. सचिवाने सहसा बोलू नये. पण माझी धाकटी बहीण पलीकडे दिलेली होती. चार वर्षांपूर्वी श्रावणातल्या पावसात ती मगरिबच्या सुमारास गेली. वाऱ्यामुळे फेरी तीन दिवस बंद होती. मी जेट्टीवर उभा राहिलो, पलीकडच्या गावाचे दिवे दिसत होते. मग मंडणगड, म्हाप्रळ, आंबेतचा पूल, म्हसळा असा वळसा घेतला. वाटेत झाड पडलं होतं, ते कापेपर्यंत दीड तास गेला. तिच्या सासरच्यांनी माझी वाट पाहिली, पण मय्यत किती वेळ ठेवणार? मी पोचलो तेव्हा माणसं कब्रस्तानातून परतत होती. भाच्याने हात धरून मला ओल्या मातीपर्यंत नेलं, बॅटरीच्या उजेडात. आंबेतचा पूल नसता तर त्या रात्री तेवढंही झालं नसतं.

एवढं सांगून बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग गुरुजींनी ठराव मांडला: पुलाला विरोध नाही. पण दोन्ही काठांच्या जेट्ट्या मोडू नयेत, लहान तर पायी माणसांसाठी चालू ठेवावी, केळशीच्या टेकडीला आणि रस्त्याकडेच्या कब्रस्तानांना हात लागू नये, आणि तोडायच्या झाडांची मोजणी गावकऱ्यांसमोर व्हावी. अकरा विरुद्ध आठ मतांनी मंजूर झाला. बाकीचे आठ जण पाहुणे, त्यांना मत नव्हतं. विरोधात मत देणाऱ्यांत माझा मुलगा होता.

पत्र गेलं, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच आली आहे. ती फाईलला लावली. पूल होईपर्यंत फेरीबोट चालूच आहे. पावसाळ्यात येणार असाल तर निघण्याआधी चौकशी करा. बंद असेल तर आंबेतवरून या.