दोन सेंटिमीटर अस्तर

अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारात ते आतडेच काढून टाकले की दुखणे मुळासकट गेले, असा सर्जनांचा साधा हिशोब होता. या आजारातून कर्करोग उद्भवू शकतो, हे न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि हर्मन रोझेनबर्ग यांनी १९२५ मध्येच नोंदवले होते.

पण मग मल बाहेर पडणार कुठून? पोटावर पाडलेल्या छिद्रातून, वर चिकटवलेल्या पिशवीत. लहान आतड्यातला पाचक रस भोवतालची कातडी सोलवटून काढी. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रूक यांनी आतड्याचे टोक बाहीसारखे उलटे दुमडून कातडीच्या वर काढले, तेव्हा हे हाल थांबले. पिशवी मात्र जन्माची राहिली.

ती सुटली लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलात. अ‍ॅलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या तीन घड्या शिवून पाऊच केला जाई आणि तो गुदद्वाराला जोडला जाई. तिथले स्नायू राखायचे, आतले अस्तर तेवढे सोलायचे. अनेकांना पाऊच रिकामा करायला नळी घालावी लागे. १९८० मध्ये जपानच्या जोजी उत्सुनोमिया यांनी दोनच घड्यांचा ‘जे’ पाऊच मांडला आणि तीही कटकट गेली.

मग स्टेपलर आला. अस्तर हाताने सोलण्याचे किचकट काम वाचले, रात्रीची गळतीही कमी झाली. मात्र जोड यंत्राने मारायचा, तर गुदद्वाराच्या वर एक-दोन सेंटिमीटर जुने अस्तर ठेवावेच लागते. म्हणजे ज्याच्या धास्तीने एवढे आतडे काढले, त्याचाच तुकडा आत राहिला! सोलणाऱ्यांनीही फार मिरवू नये. सोललेल्या जागी पेशींची बेटे उरलेली आढळली आहेत, आणि पाऊचखाली दडलेली असल्याने ती दुर्बिणीला दिसत नाहीत.

धोका किती? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २०१० मध्ये ३,२०३ पाऊचधारकांचा आढावा मांडला. त्यांतल्या ११ जणांना पाऊचचा किंवा त्याखालच्या अस्तराच्या पट्ट्याचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा कर्करोग झाला होता. आकडा छोटा, पण सगळ्यांना सारखा लागू नाही: काढलेल्या आतड्यातच कर्करोग किंवा त्याआधीचे पेशीबदल सापडले असतील, तर धोका कितीतरी पट वाढतो. अशांची सहसा दरवर्षी दुर्बिणीने तपासणी करतात आणि पाऊचबरोबर खालच्या पट्ट्याचीही बायोप्सी घेतात. बाकीच्यांना किती वर्षांनी बोलवावे, यावर डॉक्टरांचे अजून एकमत नाही.