शाईच्या एका डब्याचा खटला

प्रिंटरमध्ये बाहेरून भरून आणलेले कार्ट्रिज बसवावे आणि पडद्यावर संदेश यावा: हे कार्ट्रिज स्वीकारता येत नाही. शाई भरलेली आहे, यंत्र धडधाकट आहे, पैसे आपण मोजले आहेत; तरीही छपाई बंद. हा आजच्या कंपन्यांचा नवा उद्दामपणा आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात हे भांडण शंभर वर्षांहून जुने आहे आणि ते सुरू झाले शाईवरूनच. (थ्रेड)

सायक्लोस्टाईल अनेकांनी पाहिले असेल. मेणाच्या कागदावर अक्षरे उमटवायची, रूळ फिरवायचा आणि प्रती काढायच्या. आपल्याकडे शाळांच्या प्रश्नपत्रिका, संघटनांची पत्रके आणि साठच्या दशकातली कितीतरी अनियतकालिके या यंत्रावर निघाली. अमेरिकेत याच जातीचे यंत्र शिकागोची ए. बी. डिक कंपनी 'मिमिओग्राफ' या नावाने विकत असे. त्यामागे थॉमस एडिसनची पेटंटे होती. हे नाव लक्षात असू द्या, पुढे ते पुन्हा येणार आहे.

डिक कंपनीच्या यंत्रावर एक सूचना लावलेली असे. हे यंत्र केवळ आमचाच स्टेन्सिल कागद, आमचीच शाई आणि आमचेच इतर साहित्य वापरण्याच्या अटीवर विकले आहे, असा तिचा आशय. यंत्र उत्पादनखर्चात किंवा त्याहूनही कमी किमतीत द्यायचे आणि नफा कागद-शाईतून काढायचा, हे कंपनीचे गणित. स्वस्त प्रिंटर आणि महाग कार्ट्रिज हा व्यवहार कोणी कालपरवा शोधून काढलेला नाही.

न्यू यॉर्कमधल्या एका स्त्रीने असे यंत्र घेतले होते. सिडनी हेन्री नावाच्या विक्रेत्याने तिला शाईचा एक डबा विकला. त्या शाईवर कोणाचेही पेटंट नव्हते. यंत्रावरची अट हेन्रीला ठाऊक होती, एवढाच त्याचा दोष. कंपनीने त्याच्यावर पेटंटभंगात साहाय्य केल्याचा दावा लावला आणि शाईचा तो डबा थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला.

मार्च १९१२ मध्ये निकाल लागला: चार विरुद्ध तीन, कंपनीच्या बाजूने. बहुमताचा युक्तिवाद असा की, पेटंटधारकाला यंत्र मुळीच न विकण्याचा अधिकार आहे. मग अटीवर विकण्याचा का नसावा? खरे सांगायचे तर हा तर्क मला अगदीच पोकळ वाटत नाही. अट उघड होती आणि यंत्र स्वस्तात मिळत होते.

परंतु सरन्यायाधीश एडवर्ड व्हाईट यांचे विरोधी मत वाचताना त्या तर्काची दुसरी बाजू दिसते. ते विचारतात, इंजिनाचा पेटंटधारक उद्या कोळसा कोणाकडून घ्यायचा हेही ठरवणार का? रंध्याचा पेटंटधारक सुताराने कोणत्या वखारीचे लाकूड तासावे हे सांगणार का? शिवणयंत्र घेतले की दोरा, सुया आणि तेलही त्याच्याचकडून? एका वस्तूवरचा हक्क तिला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक वस्तूवर पसरेल, ही त्यांची भीती होती.

निकालावर गदारोळ झाला. १९१४ च्या क्लेटन कायद्यात काँग्रेसने स्पर्धेला बाधक ठरणाऱ्या अशा अटींना प्रतिबंध घातला. वस्तू पेटंट असलेली असो वा नसो.

आणि मग एडिसन परतले. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मोशन पिक्चर पेटंट्स कंपनीच्या चित्रपट-प्रक्षेपकांवरही तशीच पट्टी असे: यावर फक्त आमच्या परवान्याचेच चित्रपट दाखवावेत. ९ एप्रिल १९१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट फेटाळली आणि पाचच वर्षांपूर्वीचा डिक खटल्याचा निकाल स्पष्ट शब्दांत रद्द केला. पुढे १९३६ मध्ये आयबीएमलाही, आमच्या यंत्रात आमचीच छिद्रपत्रे वापरा, ही अट सोडावी लागली.

येथे विषय संपायला हवा होता.

लेक्समार्क कंपनी काही कार्ट्रिज सवलतीत विकत असे. अट अशी: एकदाच वापरा आणि रिकामे झाले की फक्त आम्हालाच परत द्या. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स ही वेस्ट व्हर्जिनियातली लहानशी कंपनी अशी रिकामी कार्ट्रिज पुन्हा भरलेली घेऊन विकू लागली. लेक्समार्कने पेटंटभंगाचा दावा लावला. ३० मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वस्तू विकली त्याच क्षणी तिच्यावरचा पेटंटहक्क संपला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी उदाहरण दिले ते जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचे. सुट्या भागांचा प्रत्येक निर्माता असा हक्क बजावू लागला, तर ते दुकान चालेलच कसे?

म्हणजे शाईचा प्रश्न शाईवरच, एका शतकानंतर, ग्राहकाच्या बाजूने सुटला. मात्र तोवर अट पट्टीवरून निघून चिपमध्ये शिरली होती.

१३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीच्या अनेक प्रिंटरांनी इतरांची चिप असलेली कार्ट्रिज अचानक नाकारली. ती आज्ञा आधीच्या एका अद्ययावतीकरणातून यंत्रांत येऊन पडली होती. ठरल्या दिवशी ती जागी झाली. हेन्रीला रोखण्यासाठी डिक कंपनीला न्यायालयात जावे लागले होते आणि तेथे निदान तीन न्यायाधीशांनी त्याची बाजू घेतली. चिपपुढे युक्तिवाद होत नाही. लोकांच्या संतापानंतर कंपनीने त्याच महिन्यात दिलगिरी व्यक्त केली आणि ही अडवणूक काढणारी आवृत्ती उपलब्ध करून दिली. पण पद्धत सोडली नाही. तिच्या अनेक प्रिंटरांच्या माहितीत आज एक ओळ छापलेली असते: हे यंत्र केवळ आमच्या मूळ चिपच्या कार्ट्रिजसाठी आहे. १९१२ च्या मिमिओग्राफवरची सूचना जवळजवळ अशीच होती.