न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि मजुराची भाकरी

आम्ही कायदा कॉलेजात शिकलो नाही. युनियनच्या कचेरीत निकालपत्रे वाचता वाचता जेवढा कळला तेवढाच. त्या वाचनात एक नाव वारंवार भेटले: न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

जन्म साताऱ्याचा, १९०१ सालचा. १९४५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे व १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. १९६४ ते १९६६ सरन्यायाधीश होते. पुढे पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

१९५७ सालीच ‘क्राउन ॲल्युमिनियम’ खटल्यात त्यांनी बजावले की, जो उद्योग मजुराला जगण्यापुरते किमान वेतनही देऊ शकत नाही, त्याला चालण्याचा हक्कच नाही. परंतु त्याहून वरचे वेतन उद्योग अडचणीत आल्यास कमी होऊ शकते, हेही त्याच निकालात आहे. मजुराला पहिले गोड, दुसरे कडू. आम्ही सभेत दोन्ही सांगतो. अर्धाच निकाल सांगणारा पुढारी मजुराला फसवितो.

चाळीसगावच्या बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाने हे नाव ऐकलेही नसेल. पण मालक ‘परवडत नाही’ म्हणाला, तर त्याला उत्तर दिल्लीत केव्हाच लिहिले गेले आहे. ते त्या हमालाच्या कानी घालणे, हे तुमचे आमचे काम होय.